नमपाय २ : पावसाच्या नोंदी हाताळणाऱ्याचा अभिप्राय

नांदेडला राहून मी गेली काही वर्षे मराठवाड्यातील पाऊस आणि धरणसाठ्याच्या नोंदींवर काम करतो. पाणलोट क्षेत्रात काम करणाऱ्या लहान संस्थांना आणि शेतकरी गटांना तालुकावार हिशेब करून देणे, हे या कामाचे स्वरूप. हा सगळा हिशेब पायथन भाषेतील ‘नमपाय’ (NumPy) या मुक्तस्रोत लायब्ररीवर, म्हणजे संख्यांचे हिशेब करणाऱ्या तयार कोडच्या संचावर, उभा आहे. आधी मी ती केवळ वापरत होतो; नंतर तिच्या दस्तऐवजांत आणि टेस्टमध्ये (कोड बरोबर चालतो का हे तपासणाऱ्या छोट्या प्रोग्रामांत) लहान लहान बदल पाठवू लागलो आणि ते काम अजूनही चालू आहे. त्यामुळे पुढील मत वापरणाऱ्याचे आहे आणि आतून पाहणाऱ्याचेही.

नमपायचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९९५ च्या सुमारास पायथनसाठी ‘न्यूमेरिक’ नावाची लायब्ररी तयार झाली, पुढे ‘नमअ‍ॅरे’ हा तिचा प्रतिस्पर्धी आला, आणि ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी या दोन्ही वाटा एकत्र आणून २००६ मध्ये नमपायची १.० आवृत्ती प्रसिद्ध केली. २.० आवृत्ती १६ जून २०२४ रोजी आली. मध्ये जवळपास अठरा वर्षे गेली. लायब्ररी बीएसडी परवान्याखाली आहे, म्हणजे संस्थेसाठी वापरा किंवा व्यवसायासाठी, तिचे पैसे द्यावे लागत नाहीत.

तिची खरी ताकद एकाच प्रकारच्या संख्यांच्या ओळीने मांडलेल्या संचात, म्हणजे अ‍ॅरेमध्ये आहे. मराठवाड्यातील आठ जिल्ह्यांचे आजचे ७६ तालुके धरले आणि प्रत्येकाच्या तीस वर्षांच्या रोजच्या पावसाची नोंद घेतली, तर सुमारे ८ लाख ३२ हजार आकडे होतात. पायथनच्या साध्या यादीत प्रत्येक दशांश संख्येसाठी २४ बाइट आणि तिच्याकडे बोट दाखवणारे आणखी ८ बाइट लागतात. नमपायमध्ये तीच संख्या ८ बाइटमध्ये मावते आणि सगळ्या संख्या मेमरीत ओळीने बसतात. त्यामुळे संपूर्ण विभागाचा तीस वर्षांचा पाऊस सात एमबीच्या आत राहतो, आणि प्रत्येक तालुक्याची सरासरी काढून ती रोजच्या आकड्यांतून वजा करण्याचे काम, एकही लूप (पुनरावृत्तीची सूचना) न लिहिता, माझ्या जुन्या लॅपटॉपवर डोळ्याचे पाते लवण्याआधी होते. ज्यांनी हेच काम स्प्रेडशीटमध्ये रात्र रात्र बसून केले आहे, त्यांना या वेगाची किंमत वेगळी सांगण्याची गरज नाही.

वेग मात्र अनेक लायब्रऱ्यांकडे असतो. पावसाच्या नोंदींत मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो रिकामी नोंद आणि शून्य यांतील फरक. ज्या दिवशी पाऊस पडला नाही तो दिवस, आणि ज्या दिवशी पर्जन्यमापक बंद होते तो दिवस, हे दोन्ही एकच मानले तर दुष्काळाचा हिशेबच खोटा ठरतो. नमपायमध्ये रिकाम्या नोंदीसाठी ‘नॅन’ (‘संख्या नाही’) हे मूल्य आहे, परंतु ते केवळ दशांश संख्यांच्या अ‍ॅरेत राहू शकते. पूर्णांकांच्या अ‍ॅरेत त्याला जागाच नाही. ‘मास्क्ड अ‍ॅरे’ हा रिकाम्या नोंदींवर ‘मास्क’, म्हणजे झाकण, ठेवणारा पर्याय लायब्ररीत आहे, पण तो संथ आहे आणि बाहेरच्या अनेक लायब्रऱ्या मास्ककडे लक्ष देत नाहीत, म्हणून मी तो सोडून दिला.

नॅन वापरतानाही दोन ठिकाणी डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. पहिले ठिकाण तुलनेचे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते, आणि पुढचे पंचनामे त्या आकड्यावर अवलंबून असतात. अ‍ॅरेतील कोणते दिवस ६५ च्या वर आहेत हे एका ओळीत विचारता येते. मात्र नॅनची कोणत्याही आकड्याशी केलेली अशी तुलना ‘असत्य’ येते, म्हणजे ज्या मंडळाची नोंदच नाही ते मंडळ गाजावाजा न करता ‘अतिवृष्टी नाही’ या रकान्यात जाऊन बसते. दुसरे ठिकाण नॅन वगळून बेरीज करणारे ‘नॅनसम’ हे फंक्शन. महिनाभर पर्जन्यमापक बंद असेल आणि सगळ्याच नोंदी नॅन असतील, तर हे फंक्शन बेरीज शून्य देते. सरासरी काढणारे ‘नॅनमीन’ त्याच परिस्थितीत नॅन परत करते आणि सोबत इशाराही देते. रिकाम्या संचाची बेरीज शून्य असते हे गणिताला धरूनच आहे आणि दस्तऐवजातही ते स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही पावसाच्या कामात या शून्याचा अर्थ ‘थेंबही पडला नाही’ असा वाचला जातो. तक्त्यांसाठीच्या पांडाज या लायब्ररीत बेरजेसाठी किमान किती नोंदी हव्यात हे सांगण्याची सोय आहे, तशी इथे नाही. म्हणून प्रत्येक बेरजेशेजारी मी नोंदींची संख्या मोजून ठेवतो, आणि नव्याने शिकणाऱ्यांनीही पहिल्या दिवसापासून ही सवय लावून घ्यावी असा माझा आग्रह आहे.

अ‍ॅरेची स्लाइस (तुकडा) घेतली की नमपाय प्रत बनवत नाही, मूळ मेमरीच दाखवते, हेही सुरुवातीलाच समजून घ्यायला हवे. मी जून ते सप्टेंबर अशा १२२ दिवसांची स्लाइस घेऊन त्यात रिकाम्या नोंदीची खूण म्हणून असलेले उणे ९९९ बदलून शून्य केले होते, आणि मूळ अ‍ॅरेतील खुणाही त्याबरोबर पुसल्या गेल्या. चूक माझी होती, कारण हा नियम दस्तऐवजात पहिल्या काही पानांतच दिलेला आहे. मूळ फाइल जपून ठेवली होती म्हणून निभावले.

आता २.० आवृत्तीविषयी, कारण ती घ्यावी की नाही असे मला अनेकांनी विचारले आहे. माझे उत्तर पैठणच्या जायकवाडी धरणाच्या एका आकड्याने देतो. त्याच्या जलाशयाचा, म्हणजे नाथसागराचा, उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर आहे. विंडोजवर नमपायच्या जुन्या आवृत्त्यांत वेगळे सांगितले नाही तर पूर्णांक ३२ बिटांचा असे, आणि त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ ही आहे. म्हणजे २,१७१ हा आकडा अ‍ॅरेत ठेवून त्याचे घनमीटर करण्यासाठी दहा लाखांनी गुणले, की मर्यादा थोडक्यात ओलांडली जाई आणि उत्तर येई उणे २,१२,३९,६७,२९६. इशारा नाही, चूक नाही. पूर्ण भरलेले धरण उणे दोनशे बारा कोटी घनमीटर. तोच प्रोग्राम लिनक्सवर बरोबर उत्तर देत असे, त्यामुळे दोष शोधणे आणखी कठीण होई. महाविद्यालयातील मुलांसमोर हे उदाहरण फळ्यावर मांडले की बिट आणि बाइट यांचा विषय त्यांना लगेच आपला वाटू लागतो. २.० पासून विंडोजच्या ६४ बिटांच्या संगणकांवरही वेगळे न सांगता पूर्णांक ६४ बिटांचा झाला आणि ही तफावत संपली. केवळ एवढ्या कारणासाठीही मी नवी आवृत्ती घ्यायला सांगेन.

दुसरा चांगला बदल संख्यांचे प्रकार एकत्र येताना लागू होणाऱ्या नियमांचा आहे. पूर्वी संख्येचे मूल्य पाहून निकालाचा प्रकार ठरत असे, त्यामुळे आकडा बदलला की प्रकारही बदले. आता उणे-अधिक दोन्ही संख्या ठेवणाऱ्या १६ बिटांच्या पूर्णांकांच्या अ‍ॅरेत ४०,००० ही संख्या मिळवू पाहिली तर नमपाय स्पष्ट चूक दाखवून थांबते. मात्र असे दोन लहान अ‍ॅरे एकमेकांत मिळवताना मर्यादा ओलांडली गेली, तर उत्तर आजही निमूटपणे चुकते, म्हणून प्रकार तपासण्याची जबाबदारी संपलेली नाही.

नव्या आवृत्तीसाठी कष्टही पडतात. फंक्शने वगैरेंच्या मुख्य यादीतील कितीतरी जुनी नावे काढून टाकली आहेत, आणि सी भाषेतून नमपायशी जोडलेले, १.x आवृत्तीवर बांधलेले भाग पुन्हा बांधावे लागतात. माझ्या जुन्या प्रोग्रामांची दुरुस्ती करण्यात दोन दिवस गेले. प्रकल्प चालू असेल आणि तारीख जवळ असेल, तर काम संपल्यावर बदल करावा.

योगदानाच्या बाजूने पाहिले की या लायब्ररीविषयीचा माझा विश्वास का वाढला हे सांगता येते. माझा पहिला बदल रिकाम्या नोंदींशी संबंधित दस्तऐवजातील एका उदाहरणाचा होता, जेमतेम चार ओळींचा. त्या चार ओळींवर पडताळणी करणाऱ्यांनी तीन वेळा प्रश्न विचारले: उदाहरणात यादृच्छिक संख्या का घेतल्या, दिलेले उत्तर प्रत्येक संगणकावर तसेच येईल का, आणि वाक्यातील ‘सहसा’ या शब्दाचा नेमका अर्थ काय. त्या वेळी मला हे जास्तच वाटले. आता दुसऱ्यांचे बदल वाचताना मीही तेच प्रश्न विचारतो. नॅनसमचे उत्तर बदलावे असा प्रस्ताव देण्याच्या विचारात मी होतो, परंतु जुन्या चर्चा वाचल्यावर लक्षात आले की त्या शून्यावर विसंबून असलेले प्रोग्राम जगभर चालू आहेत आणि माझ्या सोयीसाठी ते मोडणे योग्य नाही.

घरून हे काम करण्यासाठी सी कंपायलर (सी भाषेतला कोड बांधणारा प्रोग्राम), गिट (कोडमधील बदल नोंदवणारे साधन) आणि बऱ्यापैकी इंटरनेट लागते. पहिल्यांदा सगळा कोड बांधायला वेळ लागतो, पुढे बदललेला भागच बांधला जातो. इंग्रजीची भीती बाळगणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना मी सांगतो की लहान, अचूक वाक्ये पुरतात; तिथे सफाईदार भाषेपेक्षा चालणारी टेस्ट अधिक मोलाची धरली जाते. उत्तराची मात्र काही वेळा आठवडे वाट पाहावी लागते, कारण पडताळणी करणाऱ्यांपैकी अनेक जण आपला स्वतःचा वेळ काढून हे काम करतात.

सध्या माझा एक बदल पडताळणीत आहे. पूर्णांकांच्या मर्यादेजवळच्या गुणाकारासाठी एक टेस्ट त्यात आहे आणि तिच्यातील पहिली संख्या २,१७१ आहे. ही संख्या का निवडली असे विचारले गेले, तेव्हा मी पैठणच्या धरणाविषयी दोन ओळी लिहून पाठवल्या. त्या टीप म्हणून कोडमध्ये ठेवाव्यात की नाही, यावर अजून निर्णय व्हायचा आहे.