सावाना, नाशिक: ऑडिओबुकातनं कापलेली शेजारीण इथे सापडली

सार्वजनिक वाचनालयाची, म्हणजे आमच्या सावानाची, मेंबरशिप मी परत चालू केली ती एका फसलेल्या खरेदीमुळे, म्हणून आधी तेच सांगते. एका ॲपवर जेन ऑस्टिनच्या 'एमा'ची संक्षिप्त आवृत्ती घेतली होती, सिडको ते सातपूर जातायेता ऐकायला. आवाज छान, रेकॉर्डिंग स्वच्छ. पण शेवटी त्यातल्या फ्रँक आणि जेन या दोघांचं लग्न आधीपासूनच गुपचूप ठरलेलं होतं हे कळतं ना, ते एकदम आभाळातून पडल्यासारखं वाटलं, आधी कुठे काही सुगावाच नाही. मग सावानातनं पूर्ण पुस्तक आणलं तेव्हा कळलं की त्या लोकांनी मिस बेट्सचं बोलणं जवळजवळ सगळंच उडवलंय!

मिस बेट्स म्हणजे एक वाक्य धड पुरं न करता गावभराचं सांगत सुटणारी बाई. तिच्या आईच्या चष्म्याचा रिव्हेट निघाला आणि फ्रँक किती भला, तो बसवून देतोय, असं ती दुकानाच्या दारातच सांगत असते. आपण म्हणतो असेल बाई, आणि पुढे जातो. पण तो तिथे थांबलाय तो चष्म्यासाठी नाही, जेन त्याच खोलीत आहे म्हणून. 1815 सालच्या या कादंबरीत लेखिकेने सगळं आपल्या डोळ्यांदेखत मांडून ठेवलंय आणि मुद्दाम हिच्या तोंडी दिलंय, कारण बडबड्या बाईचं बोलणं कोणी मनावर घेत नाही. तीच कापली तर मग राहिलं काय?

हे फक्त ऑडिओबुकवालेच करतात असं नाही. अगाथा ख्रिस्तीच्या 1926 च्या 'रॉजर ॲक्रॉइड'मधे डॉक्टरांची बहीण कॅरोलाइन आहे, घरातनं हलायचं नाही पण गावातली खडान्‌खडा बातमी हिला. 1928 मधे त्याचं नाटक केलं तेव्हा तिला काढून एक तरुण सुंदर मुलगी घातली, ख्रिस्तीबाईंना ते अजिबात आवडलं नव्हतं. कॅरोलाइन रंगवताना जो आनंद मिळाला त्यातनंच बहुतेक त्यांची म्हातारी गुप्तहेर मिस मार्पल आली असावी असं त्यांनीच आत्मचरित्रात लिहिलंय.

मला हे एवढं लागतं त्याला कारण आहे. लहानपणी आम्ही रविवार कारंजाजवळ वाड्यात राहायचो, समोरच्या काकू सकाळी ओट्यावर भाजी निवडत बसायच्या आणि कोणाकडे पाहुणे आले, कोणाची पत्रिका परत आली, सगळं तोंडपाठ. आई जाम चिडायची, 'भोचक मेली' म्हणायची. एकदा सात वाजून गेले तरी कोपऱ्यातल्या आजोबांची दुधाची पिशवी कडीलाच लटकत होती, ते काकूंनीच बघितलं, हातातली मेथी तशीच टाकून दार ठोठवायला गेल्या. आजोबा मोरीत पडले होते, पाय मोडलेला. त्या दिवसानंतर आईने तो शब्द कधी वापरला नाही. आपल्याकडच्या सिरियलमधे मात्र शेजारीण म्हणजे अजूनही पदर खोचून आग लावायला आलेली, बास. एवढीच का लिहितात तिला?

तर सावाना. 1840 सालचं वाचनालय, शालिमारवरून चालत गेलं की येतं, स्वतःचं परशुराम सायखेडकर नाट्यगृहसुद्धा आहे. मला हव्या त्या दोन्ही कादंबऱ्या पूर्ण मिळाल्या, काउंटरवरच्या ताईंनी आपणहून शोधून दिल्या. पुस्तक हातात असलं की दहा पानं मागे जाऊन ती चष्म्याची ओळ परत वाचता येते, ऐकताना कोण मागे जातं हो. माझ्याकडून पाचपैकी पाच, आणि क्लासिक कादंबरी घेताना 'संक्षिप्त' लिहिलेलं दिसलं तर कृपा करून घेऊ नका, पैसेही जातात आणि गोष्टही.

शनिवारी परत करायला जाणारे, तेव्हा मिस मार्पलची 1930 ची पहिली कादंबरी मागणारे.