फेंडर ’६५ प्रिन्स्टन रिव्हर्ब: सहा नॉब अ‍ॅम्पवर, सातवा गिटारवर

या अ‍ॅम्पला गेन (आवाज किती फाटावा हे ठरवणारा) नॉब नाही, मास्टर व्हॉल्यूम नाही, मिडल नाही, इफेक्ट्स लूप (गेनच्या टप्प्यांनंतर पेडल्स जोडायची वाट) नाही, हेडफोन लावायची सोय नाही. स्टँडबाय स्विचसुद्धा नाही. चालू करायचा आणि व्हॉल्व्ह (आतल्या काचेच्या नळ्या) तापेपर्यंत गिटार सुरात लावून घ्यायची. समोर सहा नॉब: व्हॉल्यूम, ट्रेबल, बास, रिव्हर्ब (घुमारा) आणि ट्रेमोलोचे (आवाजाच्या लाटेसारख्या चढउताराचे) स्पीड व इन्टेन्सिटी. एवढ्यावर भागवायचं. माझं भागतं, आणि झकास भागतं. पण ते का, हे कळल्याशिवाय हा अ‍ॅम्प घेऊ नका, नाहीतर महिन्याभरात विकायला काढाल.

कुंडली थोडक्यात. मूळ प्रिन्स्टन रिव्हर्ब १९६४ सालचा. हा त्याच काळ्या पॅनेलच्या अ‍ॅम्पचा नवा अवतार; जुन्यात हाताने जोडलेलं वायरिंग होतं, यात छापील सर्किट बोर्ड आहे. ताकद १२ वॅट. सात व्हॉल्व्ह: तीन १२एएक्स७, एक १२एटी७, शेवटी दोन ६व्ही६ आणि रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) म्हणून एक ५एआर४. स्पीकर एकच, १० इंची जेन्सन सी१०आर. वजन १५ किलोच्या थोडं वर, म्हणजे एका हातात अ‍ॅम्प आणि दुसऱ्या हातात गिटार घेऊन जिना चढता येतो. चाळिशीनंतर हा गुण टोनइतकाच मोलाचा वाटू लागतो.

मी बँडमध्ये ऱ्हिदम वाजवते, टेलिकास्टरवर, दहाच्या (०.०१० इंचापासूनच्या) तारांवर. जड डिस्टॉर्शन माझ्या कामाचं नाही. मला हवा तो आवाज जो हलक्या हाताने स्वच्छ राहतो आणि जोर लावला की कडेने थोडा फाटतो. पुढचं सगळं त्या कानांनी ऐकलेलं आहे हे लक्षात ठेवून वाचा.

व्हॉल्यूम तीनपर्यंत प्रिन्स्टन अगदी सभ्य. टेलिचा पुढचा पिकअप (तारांची थरथर टिपणारा) लावून मोकळ्या तारांचा जी कॉर्ड छेडला की सहाही तारा वेगवेगळ्या मोजता येतात. खाली गोलाई, वर चकाकी आणि मधे थोडी पोकळी. ही पोकळी सर्किटमध्येच आहे. फेंडरचा टोन स्टॅक (ट्रेबल-बासचं सर्किट) मिड्स, म्हणजे मधले सूर, दाबतो, आणि जिथे मोठ्या मॉडेलवर मिडल नॉब असतो तिथे इथे ठरावीक किमतीचा रेझिस्टर बसवलाय. त्यामुळे मिड्स वाढवायचे तर उलटा रस्ता धरावा लागतो: ट्रेबल आणि बास दोन्ही खाली आणायचे आणि व्हॉल्यूम वर न्यायचा. बास दोनवर, ट्रेबल चारवर ठेवून बघा, तोच अ‍ॅम्प एकदम जाड आवाजात बोलायला लागतो. बरेच जण दोन्ही नॉब सातवर ठेवतात आणि मग ‘बँडमध्ये गिटार ऐकूच येत नाही’ म्हणून कुरकुरतात.

खरी गंमत साडेचार ते सहा या पट्ट्यात आहे. व्हॉल्यूम पाचवर, ब्रिज पिकअप, तिसरी तार सातव्या पडद्यावर धरून सूर वर खेचा. पिक जोरात पडली की पहिला ठोका किंचित आत दबतो आणि लगेच सूर फुगून पुढे येतो. अ‍ॅम्पने अचानक जास्त करंट मागितला की व्हॉल्व्ह रेक्टिफायर असलेल्या पॉवर सप्लायचं व्होल्टेज क्षणभर उतरतं आणि मग सावरतं. ५एआर४ हा रेक्टिफायर व्हॉल्व्हांमध्ये ताठच गणला जातो, म्हणून हे दबणं अतिरेकी नाही. सूर चिखलात रुतत नाही, नुसता श्वास घेतल्यासारखा वाटतो. हे बोटांना आधी कळतं, कानांना नंतर. समोर बसून ऐकणाऱ्याला कदाचित कळणारही नाही.

आणि आता सातवा नॉब. अ‍ॅम्प साडेपाचवर ठेवून गिटारचा व्हॉल्यूम सहावर आणा: स्वच्छ, ऱ्हिदमला योग्य. आठवर न्या: कॉर्डच्या कडा खरखरतात. दहावर: छोट्या सोलोपुरता पुरेसा फाटका आवाज. करंगळीने नॉब फिरवला की चॅनेल बदलल्यासारखं होतं, पायाने काही दाबावं लागत नाही. अ‍ॅम्पमध्ये गेनचे टप्पे मोजकेच असल्यामुळे प्रत्येक बारीक फरक पुढे पोचतो. तीन-चार गेन स्टेजचे अ‍ॅम्प गिटारचा व्हॉल्यूम कमी केला तरी चेहरा फारसा बदलत नाहीत. इथे पिक धरायची पद्धत बदलली तरी कळतं, आणि हो, कंटाळून वाजवत असाल तर तेही कळतं.

यात एक मेख आहे. गिटारचा व्हॉल्यूम उतरवला की वरची धार जाते, कारण पॉटचा (नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरचा) रेझिस्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स मिळून ट्रेबल गिळतात. केबल जितकी लांब तितकं जास्त. उपाय स्वस्तातला आहे: व्हॉल्यूम पॉटवर ट्रेबल ब्लीडचा छोटा कपॅसिटर लावून घ्या, किंवा जुन्या पन्नासच्या दशकाच्या पद्धतीचं वायरिंग करून घ्या. माझ्या टेलिमध्ये ट्रेबल ब्लीड आहे, आणि या अ‍ॅम्पबरोबर मी तो जवळपास सक्तीचा मानते.

हमबकरवाल्यांनी (म्हणजे दोन कॉइलचे जोरकस पिकअप असणाऱ्यांनी) जरा सांभाळून. लेस पॉलसारखी गिटार पहिल्या इनपुटमध्ये घातली की आवाज चारच्या आतच फाटायला लागतो, आणि बास तीनच्या वर असेल तर खालचे सूर भोंगळ होतात. छोटा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि १० इंची स्पीकर यांच्याकडून सहाव्या तारेचा जाड दणका मागणं अन्यायच. दुसरं इनपुट वापरून बघा. तिथे सिग्नल निम्मा, म्हणजे ६ डेसिबलने कमी होतो. मात्र त्या इनपुटचा इम्पिडन्सही बराच कमी असल्यामुळे आवाज थोडा बुजतो. गडद पिकअप असेल तर हे मानवणार नाही, तीक्ष्ण असेल तर उलट बरंच वाटेल. मधल्यामधे पी-९० (एका कॉइलचा जाडसर पिकअप) असलेली गिटार मात्र या अ‍ॅम्पवर अशी काही जमते की आमच्या सोलोवाल्याने त्याची एसजी गिटार बाजूला ठेवून माझ्या अ‍ॅम्पवर डोळा ठेवलाय.

‘१२ वॅट म्हणजे घरात वाजवायला छान’ असं कुणी सांगितलं तर त्याने व्हॉल्व्ह अ‍ॅम्प घरात वाजवलेला नाही. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे १२० वॅटचा डोंगर या पेटीच्या दुप्पटच मोठा वाटणार. त्याच हिशोबाने फेंडरचाच २२ वॅटचा डिलक्स रिव्हर्ब वॅटमध्ये जवळजवळ दुप्पट असला तरी फरक अडीच डेसिबलच्या आसपास येतो. तो जास्त दणदणीत वाटतो त्यात त्याच्या १२ इंची स्पीकरचा वाटा मोठा. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ३ डेसिबलने जास्त असणं म्हणजे वॅट दुप्पट करणंच, आणि याकडे कुणी बघत नाही, सगळे वॅट विचारतात.

तेव्हा साडेपाचवरचा तो गोड आवाज बंद खोलीत, शेजारी झोपलेले असताना मिळणार नाही. अटेन्युएटर (अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मधे बसून आवाज उतरवणारा) लावता येतो. तो ८ ओमचा हवा आणि शक्यतो रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे स्पीकरसारखा वागणारा. थोडा उतार दिला तर चांगलं काम करतो. अगदी कुजबुजीपर्यंत खाली आणलात तर आवाज कसनुसा होतो, पण त्यात अटेन्युएटरइतकाच आपल्या कानाचाही हात असतो. हळू आवाजात कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच याचे आलेख काढले होते. म्हणूनच घरी हळू वाजवताना लावलेला टोन स्टेजवर गुबगुबीत आणि टोचरा लागतो. ज्या आवाजात वाजवायचं त्याच आवाजात नॉब लावा.

रिव्हर्ब खऱ्या स्प्रिंगचा. दोनवर खोली मिळते, तीनवर हॉल, पाचच्या पुढे समुद्रकिनाऱ्यावरचं सर्फ संगीत. मी अडीचच्या वर जात नाही. शिंतोडे उडाल्यासारखा जो ओला ठसका पिकच्या प्रत्येक फटक्यामागे येतो तो डिजिटल पेडलमध्ये मला अजून सापडलेला नाही. (अ‍ॅम्पला पाय लागला तर गडगडाट होतो. स्टेजवर हे एकदातरी होतंच, लोक टाळ्या वाजवतात.)

ट्रेमोलोवर मात्र थोडं थांबते, कारण त्याबद्दल फार कमी बोललं जातं. डिलक्स रिव्हर्बमध्ये ट्रेमोलो प्रकाशाच्या साहाय्याने चालतो: एक दिवा लुकलुकतो आणि समोरचा प्रकाशसंवेदी रेझिस्टर सिग्नल कमी-जास्त करतो. त्याची लाट जरा कापल्यासारखी. प्रिन्स्टनमध्ये थेट ६व्ही६ व्हॉल्व्हांचा बायस (त्यांना दिलेलं स्थिर व्होल्टेज) हलवला जातो, म्हणजे शेवटची ताकदच श्वासासारखी वर-खाली होते. लाट गोल, कडा नाहीत. स्पीड तीन, इन्टेन्सिटी चार ठेवून संथ मायनर कॉर्ड वाजवला की त्यावर दुसरं काही वाजवावंसं वाटत नाही. व्हॉल्यूम वर नेऊन आवाज फाटायला लागला की हा ट्रेमोलो मावळतो. ती त्या पद्धतीची मर्यादा आहे, बिघाड नव्हे. रिव्हर्ब आणि ट्रेमोलो दोन्ही फूटस्विचवर घेता येतात.

पेडल्स हा अ‍ॅम्प आनंदाने घेतो. इबानेझचा टीएस९ ओव्हरड्राइव्ह तर याच्यासाठीच बनलाय म्हणा. त्या हिरव्या डबीचा उंचवटा ७२० हर्ट्झच्या आसपास आहे, खालचा बास ती कापते. प्रिन्स्टनमध्ये नेमके मिड्स कमी आणि बास सैल. एकाची उणीव दुसरा भरतो. ड्राइव्ह शून्याजवळ, लेव्हल पूर्ण, टोन मध्यावर: अ‍ॅम्पला नुसता धक्का द्यायचा. डिले मात्र अवघड, कारण इफेक्ट्स लूप नाही. क्लीनवर डिले सुंदर. अ‍ॅम्प फाटलेला असताना प्रत्येक प्रतिध्वनीही फाटतो आणि लगदा होतो. डिलेवरच ज्यांचं संगीत उभं आहे त्यांनी दुसरीकडे बघावं.

बँडमध्ये? ड्रमर हात आवरून वाजवणारा असेल तर क्लीनही टिकतो. आमचा आवरत नाही. मग मी अ‍ॅम्प खुर्चीवर, कानाच्या उंचीला ठेवते आणि समोर एसएम५७ माइक लावते, स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेवर, जाळीपासून दोन बोटं लांब. अगदी मधोमध लावला तर टोचतो. बाकी काम पीएचं (हॉलच्या साउंड सिस्टिमचं). १० इंची स्पीकरचा फायदा इथे कळतो: बास गिटार आणि माझे खालचे सूर एका दारातून एकदम निघू पाहणाऱ्या दोन जाड माणसांसारखे अडकत नाहीत. रेकॉर्डिंगमध्येही तेच, मिक्समध्ये फारसं कापावं लागत नाही.

देखभालीचं थोडक्यात. प्रीअ‍ॅम्पचे छोटे व्हॉल्व्ह अ‍ॅम्प बंद आणि थंड करून स्वतः बदलता येतात. ६व्ही६ जोडीने, मॅच केलेले घ्यायचे आणि बायस जाणकाराकडून तपासून घ्यायचा. स्पीकर जोडलेला नसताना अ‍ॅम्प कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. आणि पाठ उघडून आत हात घालायची हौस असेल तर थांबा: प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्टच्या आसपासचा साठा राहू शकतो.

मेटल, आधुनिक हाय गेन, रात्रीचा गुपचूप रियाज, चार चॅनेलची हौस यातलं काही असेल तर हा अ‍ॅम्प तुमचा नाही. मोठ्या स्टेजवर माइकशिवाय क्लीन हवं असेल तर डिलक्स रिव्हर्ब घ्या. ज्यांच्याकडे एक चांगली गिटार आहे आणि जिच्यावरचे नॉब नुसते शोभेला आहेत, त्यांनी मात्र हा जरूर वाजवून बघावा.

वाजवून बघायला जाताना आपली गिटार आणि आपलीच केबल न्या. व्हॉल्यूम तीनवर ठेवून ‘छान आहे’ म्हणून परतू नका, पाचवर न्यायची परवानगी मागा. सहाव्या तारेपासून एकेक पडदा चढत जा आणि कुठल्या सुराला कॅबिनेट किंवा व्हॉल्व्ह खुळखुळतो का ते ऐका. कॉम्बो अ‍ॅम्पमध्ये व्हॉल्व्ह स्पीकरच्याच पेटीत थरथरत असतात, त्यामुळे असं होऊ शकतं. छोट्या व्हॉल्व्हांवर पेन्सिलने हलकेच टकटक करा. स्पीकरमधून घंटेसारखा नाद घुमला तर तो व्हॉल्व्ह बदलून मागा. शेवटी काही न वाजवता रिव्हर्ब पाचवर ठेवून ऐका. थोडी सरसर असणारच, पण घूं आवाज येत असेल तर दुसरा पीस काढायला सांगा.