आंबील, ओट्स की दलिया: सकाळची वाटी निवडताना

सकाळच्या पोहे-उपम्याऐवजी पेजेसारखं काही खायचं ठरवणारे बरेच जण चौथ्या-पाचव्या दिवशी थांबतात. मीही दोनदा थांबले होते. दोन्ही वेळा नडली ती चव. आरोग्याचे फायदे मला पाठ होते. म्हणून इथे आधी जिभेचा विचार करते, आकडे ओघाने येतील.

आंबिलीपासून, म्हणजे नाचणीच्या पिठाच्या ताक घातलेल्या पेजेपासून सुरुवात करू, कारण माझा कल तिच्याकडे आहे. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. गहू किंवा तांदूळ याच्या जवळपासही येत नाहीत. तीन चमचे, म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास पीठ घेतलं तर शंभरेक मिलिग्रॅम पोटात जातं, वर ताकातलं वेगळं. मोठ्या माणसाची दिवसाची गरज १००० मिलिग्रॅम धरतात, त्या मानाने एका वाटीची ही कमाई चांगलीच आहे.

आंबील नावडण्याचं एक मोठं कारण म्हणजे कच्च्या पिठाचा वास. पीठ रात्रीच ताकात किंवा पाण्यात कालवून झाकून ठेवा. सकाळी दोन वाट्या पाणी मीठ घालून उकळा, त्यात ते एका हाताने ओता आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मंद आचेवर पाच-सात मिनिटं, तकाकी येईपर्यंत शिजवा. आच बंद केली म्हणून लगेच ताक घालू नका, फाटतं. कोमट झाल्यावर ताक, ठेचलेला लसूण, जिरं आणि हिरवी मिरची. ज्याला मठ्ठा आवडतो त्याला ही आवडायला फार दिवस लागत नाहीत. गूळ-दुधातली गोड नाचणी मात्र मला लवकर कंटाळवाणी झाली.

विकत घेताना एक गोष्ट विचारून घ्या. ‘नाचणीचं सत्त्व’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एक म्हणजे मोड आणून, वाळवून, भाजून दळलेलं अख्खं पीठ. दुसरं भिजवून, वाटून, गाळून खाली बसलेला साका वाळवलेलं. दुसरं लहान बाळांना पचायला हलकं असतं, पण गाळताना कोंडा जातो, आणि नाचणीचा चोथा व बरंचसं कॅल्शियम त्या कोंड्यातच असतं. मोठ्यांनी पहिलंच घ्यावं. मोड आल्याने लोहही अंगी लागायला मदत होते.

आंबिलीची उणी बाजू म्हणजे प्रथिनं कमी, सातेक टक्केच, आणि पातळ असल्याने दहा-साडेदहाला पुन्हा भूक लागते. कोल्हापुरात रेणुकेच्या आंबील यात्रेला आंबिलीबरोबर घुगऱ्यांचा नैवेद्य असतो. ती जोडी तशीच उचलावी: आंबिलीसोबत वाटीभर मोडाच्या मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ. दुपारपर्यंत टिकते.

ओट्सचं वेगळं. पुष्कळांना त्यांचा बुळबुळीतपणा नको असतो, पण तो येतो बीटा-ग्लुकन नावाच्या विरघळणाऱ्या तंतूमुळे आणि वाईट कोलेस्टेरॉल उतरवायला मदत करतो तोच तंतू. त्यासाठी दिवसाला ३ ग्रॅम तरी लागतो. ४० ग्रॅम ओट्समधून साधारण दीड ग्रॅम मिळतो, म्हणजे निम्मी मजल एका वाटीत. तो काढून टाकण्यापेक्षा सोसवेल असा करा: चमचाभर तुपावर खमंग भाजा, जिरं-कढीपत्त्याची फोडणी द्या, बोटचेपे होताच उतरवा आणि लगेच खा. थंड झाले की लगदा होतो. मसाल्याची तयार पाकिटं रोज नकोत, त्यात मीठ बरंच असतं. प्रथिनांत ओट्स नाचणीच्या पुढे आहेत, खिशाला मात्र जड.

गव्हाचा दलिया शिकावा लागत नाही, लापशीची ओळख असतेच. तुपावर भाजून, मुगाची डाळ आणि भाज्या घालून कुकरला लावला की झालं. दाणा चावावा लागतो, त्यामुळे जेवल्याचं समाधान मिळतं. गहू चालत नसेल तर रात्री भिजवलेल्या ज्वारीच्या कण्या.

मग घ्यायचं काय? कोलेस्टेरॉल वाढलं असेल तर ओट्स. मधुमेह असेल तर दलिया किंवा कण्या, कारण बारीक पिठाची पातळ पेज साखर लवकर चढवते. साखर मोजून स्वतःचा अनुभव पाहा आणि डॉक्टरांशी बोला. हाडांची काळजी असेल, उन्हाळा असेल, किंवा सकाळी घास उतरत नसेल, तर आंबील.

पहिला आठवडा नेहमीचा नाश्ता बंद करू नका. पोहे निम्मे घ्या आणि शेजारी अर्धी वाटी आंबील ठेवा. ताक आदल्या दिवशीचं, जरा आंबट असेल तर उत्तम.