जीजीप्लॉट२ मधील लेजेंडची मांडणी : नवी मुंबईच्या आठ विभागांवर वापरून पाहता

महापे आणि ऐरोली परिसरातील सल्लागार कार्यालयांत महानगरपालिकेची विभागवार आकडेवारी आलेखात मांडण्याचे काम बारमाही चालते, आणि असे अहवाल मराठीत द्यायचे असल्यामुळे आलेखावरील अक्षरेही मराठीच लागतात. या कामासाठी मी आर या संख्याशास्त्रीय संगणकभाषेतील जीजीप्लॉट२ हे आलेख काढण्याचे मोफत पॅकेज वापरतो. हॅडली विकहॅम यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पॅकेजचे सर्वांगीण कौतुक पुष्कळ झाले आहे. हे परीक्षण केवळ त्याच्या लेजेंडपुरते, म्हणजे आलेखात कोणता रंग वा चिन्ह कशाचे हे सांगणाऱ्या सूचीपुरते आहे, कारण बैठकीत आलेख पडद्यावर आला की पहिला प्रश्न बहुधा त्या कोपऱ्यातल्या चौकोनाबद्दलच येतो.

मूळ आर मध्ये लेजेंड हे स्वतंत्र फंक्शन आहे. त्यात नावे, रंग आणि चिन्हे आपल्या हाताने लिहावी लागतात, आणि लिहिलेले खरे आहे की नाही याची तपासणी कोणीही करत नाही. वाशीच्या रंगापुढे नेरूळ लिहिले, तरी आर ते निमूटपणे छापते. जीजीप्लॉट२ मध्ये लेजेंड वेगळे काढायचेच नसते: माहितीच्या तक्त्यातील कोणत्या स्तंभानुसार रंग द्यायचा हे सांगितले की लेजेंड त्या नात्यातून आपोआप तयार होते. या पॅकेजचा सर्वांत मोठा गुण मी हाच मानतो. मात्र लेजेंडमध्ये काही बदलायचे असेल, तर तो बदल लेजेंडमध्ये न करता त्याच्या उगमाशी करावा लागतो, आणि नवशिके अडतात ते नेमके येथे.

सर्वाधिक अडचण क्रमाची होते. काहीच सांगितले नाही तर विभागांची नावे वर्णानुक्रमे लागतात : ऐरोली, कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे, दिघा, नेरूळ, बेलापूर, वाशी. शब्दकोशाच्या दृष्टीने हा क्रम निर्दोष असला, तरी ठाण्याहून ट्रान्सहार्बर गाडीने येणाऱ्या माणसाला तो विस्कळीत वाटतो, कारण त्याच्या डोक्यातला क्रम उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो आणि दिघा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे असाच सुरू होतो. हा क्रम आणण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांचे परिणाम एकसारखे नाहीत. स्केलमध्ये (कोणत्या नावाला कोणता रंग हे ठरवणाऱ्या भागात) ब्रेक्स, म्हणजे लेजेंडमधील नोंदी, हव्या त्या क्रमाने दिले, तर केवळ लेजेंड बदलते. आलेखात एकावर एक रचलेल्या स्तंभांतील थर जुन्याच क्रमाने राहतात आणि वाचकाची नजर वरखाली धावत बसते. तक्त्यातील विभागाचा स्तंभ फॅक्टर (ठरावीक नावांची क्रमवार यादी असलेला प्रकार) करून त्याच्या लेव्हल्स, म्हणजे त्या यादीतील नावे, नव्याने लावल्या, तर थर आणि लेजेंड दोन्ही एकत्र बदलतात. म्हणून क्रमाचा निर्णय आलेखाच्या कोडमध्ये न घेता माहिती स्वच्छ करण्याच्या टप्प्यावरच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या टप्प्यावर एक सापळा आहे आणि तो खास आपल्याकडचा आहे. नेरूळ हे नाव एका फाइलमध्ये दीर्घ ऊकाराने, तर दुसऱ्या फाइलमध्ये ऱ्हस्व उकाराने लिहिलेले असते. लेव्हल्सच्या यादीत न बसणाऱ्या नावाला फॅक्टर हे फंक्शन कोणताही इशारा न देता रिकामी नोंद मानते, आणि मग लेजेंडच्या तळाशी एनए असे लिहिलेला एक राखाडी चौकोन उगवतो. हा चौकोन दिसला की काही जण तो लपवण्याचा पर्याय शोधतात. खरे तर लेजेंडने केलेली ती प्रामाणिक तक्रार असते. फॅक्टर हाताळण्यासाठीच्या फॉरकॅट्स पॅकेजमधील एफसीटी हे फंक्शन अशा वेळी थेट त्रुटी दाखवून थांबते, म्हणून मराठी नावांसाठी ते अधिक सुरक्षित आहे. रंगांची यादीही प्रत्येक विभागाच्या नावासह द्यावी. नावे न देता नुसते रंग दिले, तर लेव्हल्सचा क्रम बदलताच वाशीचा रंग तुर्भ्याला जातो आणि मागच्या तिमाहीच्या अहवालाशी तुलना करणारा वाचक फसतो.

आडव्या स्तंभांचे प्रकरण वेगळे आहे. २०१६ च्या २.२.० आवृत्तीपासून उभ्या स्तंभांतील थर लेजेंडच्या क्रमाशी जुळतात, पण स्तंभ आडवे केले की डावीकडून उजवीकडचा क्रम लेजेंडच्या नेमका उलट होतो. लेजेंडची मांडणी ठरवणाऱ्या गाइड-लेजेंड या फंक्शनमधील रिव्हर्स हा पर्याय त्यासाठीच आहे. रेषालेखात फॉरकॅट्समधील रीऑर्डर२ हे फंक्शन रेषांच्या उजव्या टोकांच्या उंचीनुसार नावे लावते, आणि लेजेंड उजवीकडे असल्यास नजर सरळ रेषेवरून नावावर जाते. एवढ्या उपयोगाच्या फंक्शनला इतके रुक्ष नाव कोणी दिले, असा प्रश्न मात्र पडतो.

जागेच्या बाबतीत फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ३.५.० आवृत्तीने मोठी सुधारणा केली. त्यापूर्वी एका आलेखातील सगळी लेजेंड एकाच बाजूला बसत. आता रंगाचे लेजेंड खाली आणि आकाराचे उजवीकडे, असे प्रत्येकाचे स्थान वेगळे सांगता येते. आलेखाच्या आत लेजेंड ठेवायचे असल्यास स्थान ‘इनसाइड’ असे देऊन निर्देशांक वेगळ्या पर्यायात द्यावे लागतात. थीममध्ये (आलेखाचे दिसणे ठरवणाऱ्या भागात) थेट दोन आकडे लिहिण्याची जुनी रीत अजून चालते, पण इशारा मिळतो. लेजेंड खाली ठेवले आणि नोंदी पाचांहून अधिक असल्या, की ओळी आपोआप दोन किंवा अधिक होतात, पण नावे आधी स्तंभानुसार भरली जातात. त्यामुळे दिघ्याच्या शेजारी ऐरोली न येता ती दिघ्याखाली जाते. बायरो हा पर्याय चालू केला की वाचनाचा ओघ नीट होतो. नावे लांबलचक असतील तर दोन ओळी करूनही कडा कापल्या जातात आणि पॅकेज त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. तेथे ओळींची संख्या स्वतः ठरवावी लागते.

एकाहून अधिक लेजेंड असल्यास त्यांचा आपसांतील क्रम ऑर्डर या पर्यायाने लागतो. तो न दिल्यास क्रम एका ‘गुप्त’ पद्धतीने ठरतो, असे अधिकृत दस्तऐवजातच नमूद आहे. विनोद म्हणून हे ठीक आहे. अहवालाची अंतिम मुदत संध्याकाळी असताना तो तितकासा हसवत नाही. रंग आणि चिन्ह दोन्ही एकाच स्तंभाला जोडले असतील, तर शीर्षके आणि नावे तंतोतंत सारखी असल्यासच दोन्हींचे मिळून एक लेजेंड होते. रंगाचे शीर्षक ‘विभाग’ केले आणि चिन्हाचे तसेच ठेवले, की एकाची दोन लेजेंड होतात. बिंदू पारदर्शक ठेवल्यास लेजेंडमधील ठिपकेही फिकट पडतात, ते ओव्हरराइड या पर्यायाने गडद करता येतात.

पायथॉन भाषेतील मॅटप्लॉटलिब या आलेख-पॅकेजशी तुलना अपरिहार्य आहे. त्याचे लेजेंड आपणहून सर्वांत मोकळी जागा शोधते, ही सोय जीजीप्लॉट२ मध्ये नाही. मात्र माहिती फार असली तर हा शोध संथ होतो. रचलेल्या स्तंभांत तेथे सर्वांत खालच्या थराचे नाव लेजेंडमध्ये सर्वांत वर येते आणि ते उलटवण्याचा सोपा पर्याय २०२३ च्या ३.७ आवृत्तीत आला. नावे आडव्या ओळींनी भरण्याची सोय तर तेथे नाहीच. क्रमाची काळजी असणाऱ्याने जीजीप्लॉट२ कडेच वळावे.

पॅकेजचे खरे उणे त्याच्या विखुरलेपणात आहे. क्रम फॅक्टरमध्ये, शीर्षक लॅब्समध्ये, ओळी गाइड्समध्ये, अंतरे थीममध्ये, आणि एखाद्या थराला लेजेंडमधून वगळण्याची सोय त्या थरातच. यामागचे तर्कशास्त्र समजले की ते पटते, पण नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्याला ते शिकवताना आलेखापेक्षा लेजेंडवरच अधिक वेळ जातो. जुन्या उत्तरांत सापडणारे अनेक पर्याय ३.५.० नंतर गाइडमधून थीममध्ये हलले आहेत, याने गोंधळ आणखी वाढतो.

देवनागरीसाठी एक सूचना आवश्यक आहे. आर च्या नेहमीच्या पीडीएफ यंत्रणेवर लेजेंडमधील जोडाक्षरांचा भरवसा धरू नये. रॅग हे चित्रे रेखाटणारे पॅकेज बसवलेले असल्यास आलेख जतन करणारे जीजीसेव्ह हे फंक्शन पीएनजी चित्रांसाठी आपोआप तेच वापरते आणि ‘तुर्भे’मधील रफार जागेवर येतो. नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट थीममध्ये नावानिशी द्यावा आणि मात्रा व वेलांट्या वरच्या ओळीला टेकू नयेत म्हणून लेजेंडमधील नोंदींचे अंतर थोडे वाढवावे. त्यासाठीचा वेगळा पर्यायही ३.५.० मध्येच आला आहे.