सुपरकंडक्टर किट: मॅग्नेट तरंगतो, पण लिमिटर कुठाय?

आमच्या डिप्लोमा कॉलेजच्या इलेक्ट्रिकल लॅबसाठी मागवलं होतं, कंपनीचं नाव टाकत नाही. खोक्यावर "फॉल्ट करंट लिमिटरचा प्रयोग" (म्हणजे शॉर्ट झाल्यावर धावणारा जादा करंट दाबणारा) असं मोठ्ठं छापलंय, त्यालाच भुललो. आत वायबीसीओची, म्हणजे गार केलं की रेझिस्टन्स शून्य होणाऱ्या सिरॅमिकची, काळी चकती, छोटा मॅग्नेट, बोटभर सुपरकंडक्टर टेप, चिमटा आणि थर्माकोलची वाटी. हातमोजे नाहीत, उणे १९६ डिग्रीच्या मालाला!

लिक्विड नायट्रोजन आपलं आपण बघायचं. मिळालं कुठे तर कृत्रिम रेतनवाल्या डॉक्टरांकडे, वीर्यकांड्या ठेवतात ना, त्या कॅनमधलं दोन लिटर.

चकतीला पैकीच्या पैकी. ओतलं की आधी तडतडतं, शांत झालं की मॅग्नेट अधांतरी, पोरं खूश.

टेपचं मात्र काही खरं नाही. मॅन्युअल म्हणतं १० अँपिअर द्या. अहो ४ मिलिमीटर रुंदीची टेप नायट्रोजनमध्ये शंभरेक अँपिअर आरामात घेते, १० नी तिला गुदगुल्यापण होत नाहीत. शेवटी वर्कशॉपमधला डीसी वेल्डिंग सेट ओढत आणला, करंट मोजायला टाँग टेस्टर लावला, व्होल्टेज बघायला टेपच्या टोकांना मिलिव्होल्ट मीटर. ६० ला शून्य, ८० ला शून्य, १०० ला पण शून्य, आणि १२० च्या पुढे टेपचं सुपरकंडक्टरपण संपलं, आकडे जे पळाले आणि नायट्रोजन भसाभसा उकळला की झटकन बंद केलं, नाहीतर टेप गेलीच होती.

पण करंट काही कमी झाला नाही! वेल्डिंग सेट करंट धरून ठेवतो, आणि बोटभर टेपचा रेझिस्टन्स तो किती असणार. खऱ्या लिमिटरला शेकडो मीटर टेप लागते. जर्मनीत एसेनला २०१४ साली १० केव्हीची एक किलोमीटर सुपरकंडक्टर केबल चालू केली, तिच्यासोबत असाच लिमिटर बसवलेला. एरवी तो लाइनमध्ये असून नसल्यासारखा, शॉर्ट झाला की ब्रेकरचे ६०-८० मिलिसेकंद होईपर्यंत कोण थांबतंय, पहिल्या पीकच्या आधीच टेप आपणहून रेझिस्टन्स दाखवते, रिले नाही की सेन्सर नाही. मग पुन्हा गार होईपर्यंत तिला लाइनमधून बाजूला ठेवायचं, आणि हे मॅन्युअलमध्ये एका ओळीत पण नाही.

पाचपैकी तीन. लांब टेप मिळेल का म्हणून फोन केला तर पलीकडून, "सर, मॅग्नेट तरंगतोय ना?"