प्लेराइट आणि ऑटो-डिप्लॉय, सात महिन्यांनंतर: त्या पिवळ्या 'फ्लेकी'ने घात केला

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी गिऱ्हाइकाचा फोन: एकाच ऑर्डरचे पैसे दोनदा कापले गेले. माफी मागितली, पैसे परत केले. मग सीआयचे (कोड बदलला की आपोआप टेस्ट चालवणाऱ्या सेवेचे) जुने रिपोर्ट काढून बसलो, तर आमची टेस्ट एकोणीस दिवस हेच ओरडून सांगत होती.

सेटअप नेहमीचाच. नवा कोड मुख्य कोडमध्ये मर्ज झाला की स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) प्लेराइट, म्हणजे ब्राउझर आपोआप चालवून साइट तपासणारं टूल. सगळ्या टेस्ट पास होऊन हिरवं आलं की थेट प्रॉडक्शन, म्हणजे गिऱ्हाइकांसमोरची खरी साइट. चौघांची टीम, वेगळा टेस्टर नाही. आधी दर गुरुवारी रात्री एक्सेल शीट घेऊन एकेक स्क्रीन तपासायचो. ते सुटलं, एवढ्यावरच मी पहिले दोन महिने पाचपैकी पाच देत होतो.

आता रिट्राय, म्हणजे पडलेली टेस्ट आपोआप पुन्हा चालवणं. प्लेराइटच्या तयार कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) सीआयसाठी तो 2 असतो, मी तसाच ठेवला. टेस्ट पडली की आणखी दोनदा संधी. त्यात एकदा पास झाली की तिच्यावर 'फ्लेकी'चा (कधी पास, कधी फेल, म्हणजे लहरी) पिवळा शिक्का, रन मात्र हिरवा. ठेवण्यामागे माझा चिक्कूपणाच. आमची सीआय सेवा (नाव नको) प्रत्येक जॉबमागे पूर्ण मिनिटाचं बिल लावते, जॉब वीस सेकंदांत संपला तरी. लाल रन म्हणजे सगळं पुन्हा. महिन्याकाठी चारेकशे रुपये वाचले असतील, तेही त्या शुक्रवारी व्याजासकट गेले.

पडणारी टेस्ट 'पैसे भरा' बटण पाठोपाठ दोनदा दाबायची. सर्व्हर निवांत असला की पास, दमला असला की फेल. म्हणजे टेस्ट लहरी नव्हती, आमचा कोड लहरी होता. याउलट तारखेची एक टेस्ट पहाटे साडेपाचच्या आत कोड पुश केला की तिन्ही वेळा पडायची, कारण रनर (टेस्ट चालवणारं मशीन) यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, तिथे अजून कालचाच दिवस. ती पहिल्याच दिवशी दुरुस्त झाली. लाल दिसलं की माणूस उठतो.

चिडून दोन स्टार द्यायला बसलो होतो. पण ट्रेस व्ह्यूअर (टेस्टच्या फेरीत काय काय घडलं त्याची नोंद, म्हणजे ट्रेस, दाखवणारं प्लेराइटचं साधन) बघून हात आखडला. अर्थात त्यातही मेख आहे: त्याच कॉन्फिगमध्ये ट्रेस फक्त पहिल्या रिट्रायचा घेतला जातो, आणि आमचा रिट्राय तर पास होत होता! पडलेल्या फेरीचा ट्रेसच नाही. रिट्राय शून्यावर आणला, 'रिटेन-ऑन-फेल्युअर' (पडलेल्या फेरीचा ट्रेस जपून ठेवणं) लावलं, तीच टेस्ट पन्नास वेळा फिरवली. तिसऱ्यांदा पडली, आणि पैसे भरण्याच्या दोन पोस्ट रिक्वेस्ट (सर्व्हरला पाठवलेल्या विनंत्या) एकाखाली एक समोर दिसल्या. दहा मिनिटांत निदान. आता प्रत्येक चेकआउटला वेगळी 'की' (ओळखीचा कोड) आहे. तीच परत आली तर सर्व्हर जुनंच उत्तर देतो.

आता रिट्राय एकच, सोबत 'फेल-ऑन-फ्लेकी-टेस्ट्स' चालू. पिवळं आलं की डिप्लॉय अडतं. चार स्टार. बिलाची मिनिटं वाढली, पण आठ फुटकळ जॉब एकत्र करून तीन केले, त्यात बरीचशी भरून निघाली.