जपानी एलपी घेताना ओबी पारखून घ्या

‘लाउडनेस’ या ओसाकाच्या हेवी मेटल बँडचे गिटारवादक अकिरा ताकासाकी यांचा ‘टस्क ऑफ जॅग्वार’ हा पहिला एकल अल्बम निप्पॉन कोलंबियाने १९८२ साली काढला. बँडची पहिली एलपी (विनाइलची लांब वाजणारी तबकडी) आदल्याच वर्षी आली होती आणि या अल्बमवरही ड्रम्सवर बँडचेच ड्रमवादक मुनेताका हिगुची आहेत, त्यामुळे लाउडनेसच्या चाहत्यांना ही तबकडी पहिल्या आवृत्तीतलीच हवी असते. माझीही तीच इच्छा होती आणि परदेशातील एका विक्रेत्याने तिचाच गैरफायदा घेतला.

जपानी एलपीच्या कव्हरला डाव्या बाजूने एक उभी कागदी पट्टी गुंडाळलेली असते. तिला ओबी म्हणतात. त्या काळी अनेकांनी ती फाडून फेकून दिल्यामुळे आज ओबीसह असलेल्या प्रतीला बरीच जास्त किंमत पडते, आणि नेमकी हीच पट्टी बनावट छापून साध्या प्रती महाग विकल्या जातात. माझ्याकडे आलेल्या प्रतीत तबकडी अस्सल होती, पण जाहिरातीत ‘जवळपास नवी’ म्हटलेल्या त्या तबकडीच्या पहिल्या बाजूवर सुई अडकेल इतके खोल चरे होते. ओबी मात्र पांढरीशुभ्र, घडीवरही न झिजलेली. भिंगाखाली पाहिले तेव्हा अक्षरांच्या कडा फुटलेल्या आणि रंगीत ठिपक्यांच्या दिसल्या. मूळ छपाईत काळी अक्षरे सलग शाईची व रेखीव असतात. त्याहून उघड पुरावा किमतीपाशी होता. तिथे ‘करासहित’ अशा अर्थाची जपानी अक्षरे होती आणि जपानमध्ये उपभोग कर लागू झाला तो एप्रिल १९८९ मध्ये. म्हणजे मजकूर नंतरच्या एखाद्या आवृत्तीवरून उचलला असणार.

तक्रार केल्यावर विक्रेत्याने नकार दिला नाही, हे विशेष लक्षात घ्यावे. तो अत्यंत नम्रपणे आणखी छायाचित्रे मागत राहिला, ‘दुसरी ओबी पाठवतो’ असे सांगत राहिला, आणि ज्या संकेतस्थळावरून खरेदी केली तिथे तक्रार नोंदवण्याची मुदत उलटताच त्याने उत्तरे देणे थांबवले. भरलेले सीमाशुल्क तर परत मिळणारच नव्हते. आता बँकेकडे कार्डावरील व्यवहाराबाबत हरकत नोंदवली आहे. गोड उत्तरे कितीही येवोत, औपचारिक तक्रार पहिल्याच दिवशी नोंदवावी, आणि पैसे देण्यापूर्वी ओबीची मागची बाजू, किमतीची ओळ व तिरप्या प्रकाशात धरलेली तबकडी यांची नवी छायाचित्रे मागून घ्यावीत. देण्यास टाळाटाळ झाली तर व्यवहार तिथेच सोडावा.

हीच एलपी त्याच छायाचित्रांसह पुन्हा विक्रीला लागली आहे. छायाचित्रातील ओबी खरी आहे आणि तिच्या खालच्या कोपऱ्यावर ओलीचा तपकिरी डाग आहे. मला आलेल्या पट्टीवर तो नव्हता.